सात नावांना ओ

सातवीच्या वर्गाची सहल दरवर्षी मे महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी निघायची. यंदा जिल्ह्याच्या साहेबांना नेमकी त्याच शुक्रवारी शाळा तपासायची हुक्की आली. मुख्याध्यापकांनी घाईघाईने सहल एक दिवस अलीकडे ओढली, आणि एक दिवस अलीकडे म्हणजे गुरुवार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. साहेब शेवटी आलेच नाहीत. साहेब लोकांचं असंच असतं. त्यांच्या येण्याने कुणाचं काही भलं होत नाही, पण न येण्याने मात्र कुणाचं ना कुणाचं काहीतरी होऊन बसतं.

सहल नेणारी बुरुल इतिहास शिकवायची. पोरं तिला एजेय म्हणत. ताई आणि बाई, दोन्ही त्यातच आलं. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, घरात माणूस एक, ती स्वतःच. नारिन शहरात दिली होती, सहा वर्षांनी रिकाम्या ओटीने परत आली आणि बापाजवळ राहिली. तो बाप, सादिर, गेल्या फेब्रुवारीत गेला. त्याला मुलगा नव्हता. मयताला आलेल्या म्हाताऱ्यांनी तिच्या तोंडावरच म्हटलं, “सादिरच्या घरचा धूर विझला.” बुरुलने त्यांना चहा दिला. पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं होतं.

सहल उन्दूसायला जायची. ही घळ गावापासून मिनीबसने दीड तासावर. तिथे पोरांनी झाडं ओळखायची, कातळावर कोरलेल्या रानबकऱ्यांची चित्रं वहीत उतरवायची, आणि शेवटी ओढ्याकाठच्या सपाट दगडावर उभं राहून आपापले सात बाप, म्हणजे बापापासून वरच्या सात पिढ्यांची नावं, घळीला ओरडून सांगायचे. हा शेवटचा भाग बुरुलच्या डोक्यातून निघालेला आणि तिला त्याचा भारी अभिमान. पुस्तकातला इतिहास पोरांच्या या कानातून त्या कानात जातो. डोंगराने परत दिलेलं खापरपणजोबाचं नाव जन्मभर राहतं, असं ती म्हणायची. आमच्याकडे ज्याला सात बाप सांगता येत नाहीत त्याला गुलाम म्हणतात. म्हण जुनी आहे आणि क्रूर आहे, पण पोरांना तोंडपाठ असते.

वर्गात मुलं एकोणीस. प्रत्येकाने सात नावांचा कागद लिहून आणायचा होता. अठरा कागद आजोबांच्या, काकांच्या वाकड्यातिकड्या अक्षरातले. एकोणिसावा मीरिमचा, तिच्याच गोल अक्षरातला.

हजेरीपटात मीरिमच्या नावापुढे बापाचा रकाना कोरा होता. आई अनाथाश्रमात वाढलेली, तिकडूनही काही नाव नाही. ती आता रशियात कुठल्याशा कारखान्यात शिवणकाम करत होती आणि पोर गावात एका शेजारणीच्या घरी राहत होती. बुरुलने आठवडाभर आधी तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, “बाळा, तू त्या वेळी फोटो काढ. मला कुणीतरी फोटो काढायला हवंच आहे.”

“नको एजेय,” मीरिम म्हणाली. “मला येतात. मी शोधून काढलीत.”

कुठून शोधली ते ताबिल्डीने सांगितलं. ताबिल्डी म्हणजे मिनीबसचा ड्रायव्हर. तोंडाला कुलूप नाही आणि बसला धड ब्रेक नाही. पेट्रोल भरायला थांबले तेव्हा त्याने बुरुलच्या मांडीवरचा कागद तिरक्या नजरेने वाचला.

“सुवानबाय, करागुल, बोरूबाय... अहो एजेय, हिचं अख्खं घराणं माझ्याच रस्त्यावर राहतं की! सुवानबायच्या थांब्यावर मी रोज चार म्हाताऱ्या उतरवतो. आणि हा ताश्तान म्हणजे तो खडी फोडण्याचा कारखाना ना? जोलचूचा पूल, मामिरचा ढाबा...”

“हळू बोल, मेल्या.”

“मी काय कुणाला सांगतोय?” त्याने मागे पाहिलं. मीरिम खिडकीला डोकं टेकून पाट्या वाचत होती. ताबिल्डीचं हसू मावळलं. “हा सातवा कोण, एसेन? ही पाटी कुठे पाहिली नाही बुवा.”

बुरुलने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. नावं खोटी आहेत हे तिला त्या क्षणी कळलं होतं. तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण तेरा वर्षांच्या पोरीने रस्त्यावरच्या पाट्यांवरून बापजादे गोळा केले आहेत, आणि ते तिच्या हातून काढून घ्यायचे, एवढं काळीज बुरुलकडे नव्हतं.

घळीच्या तोंडाशी उर्कुया आपाचा जाड लोकरी नमद्याचा तंबू होता. म्हातारी सगळ्यांच्या आधी मेंढ्या घेऊन वर येते आणि दरवर्षी सहलीच्या पोरांना बोरसोक तळून घालते. पोरं वर कातळाकडे पळाली तेव्हा ती कणकेचे चौकोन कापत होती. बुरुल मदतीला बसली.

“आज कसे आलात?” आपाने विचारलं. “शुक्रवारी येता ना?”

“साहेबांची कृपा.”

“आज गुरुवार आहे, पोरी.”

बुरुलच्या हातातली सुरी थांबली. गुरुवारी तेल तापलं की ते घरच्या गेलेल्यांसाठी तापतं. त्या वासावर ते येतात, वास घेतात, तृप्त होतात, जातात. आपण उरलेलं खातो. बापाच्या नावाने बुरुल दर गुरुवारी घरी तळायची, आणि आज एकोणीस पोरांच्या धांदलीत साफ विसरली होती.

“असू दे,” आपा म्हणाली. “तेल काय, ते आले तरी तळायचं, न आले तरी तळायचं. पण आज ज्याचं नाव घ्याल तो जेवायला येणार. पोरांना सांग, आपापल्याच माणसांना हाका मारा. या घळीत उपाशी फार आहेत.”

हे बुरुल स्वतःच पोरांना शिकवायची. उर्कुनच्या, म्हणजे पळापळीच्या साली, एकोणीसशे सोळात, झारच्या फौजेच्या धाकाने गावंच्या गावं याच घळीतून खिंडीकडे आणि खिंडीपलीकडे चीनला पळाली. बर्फ लवकर पडलं. कित्येक घरं मुळासकट वाटेतच राहिली, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत. नाव घ्यायला मागे कुणी उरलंच नाही. दरवर्षी ती हे सांगायची आणि पोरं जांभया द्यायची.

म्हणजे बुरुलला माहीत होतं. तिने नंतर स्वतःची कितीही समजूत घातली तरी, तिला माहीत होतं. आपाने तेलात पहिला घाणा सोडला, प्रार्थना पुटपुटली, आणि बुरुल उठून दगडाकडे गेली ती मीरिमला थांबवायचं असं ठरवूनच.

तिथे रांग लागलेली. बेक्तुर दगडावर उभा होता. वर्गातला सगळ्यात उंच, आणि जीभ त्याहून लांब. “बेक्तुर, अस्कारचा! अस्कार, जापारचा!” तो ओरडला, आणि घळीने नेहमीसारखी प्रत्येक नावाची शेपटी दोनदा परत केली. कारचा... कारचा. पारचा... पारचा. सात नावं झाल्यावर तो उडी मारून उतरला आणि मीरिमला म्हणाला, “तू कुणाला हाक मारणार? पोस्टमनला?”

सगळे फिदीफिदी हसले. मीरिमची मान लाल झाली. अशा वेळी तिला थांब म्हणणं म्हणजे बेक्तुरच्या थोबाडीत द्यायची ती तिच्याच थोबाडीत देणं. बुरुल वाटेतून बाजूला झाली.

मीरिम दगडावर चढली. तिने कागद मागितला नाही.

“मीरिम, सुवानबायची!”

घळीने काही परत केलं नाही. पोरीने दम घेतला. “सुवानबाय, करागुलचा! करागुल, बोरूबायचा!” ओढ्याचा आवाजही दबल्यासारखा झाला. तिचं एकेक नाव विहिरीत टाकलेल्या खड्यासारखं जायचं आणि तळाचा आवाज यायचाच नाही. “...जोलचू, मामिरचा! मामिर, एसेनचा!”

“घेतच नाही!” बेक्तुर म्हणाला. “घळसुद्धा घेत नाही!”

आणि मग वरून ओ आली.

तो पडसाद नव्हता. हाक ऐकून माणूस देतो तशी ती ओ होती. पहिली एका म्हाताऱ्याची, खरखरीत. मग दोन पुरुषांच्या, एकामागून एक. मग एका बाईची. मग आवाज फुटत असलेल्या पोराची. मग एका म्हातारीची, दमलेली. सहा नावं, सहा ओ, हजेरी घेतल्यासारख्या. नाव बापाचं आणि ओ बाईची. बोलावणं आल्यावर कुणी असा हिशोब करत बसलं नसावं.

मग बराच वेळ काहीच नाही. आणि शेवटी अगदी बारीक, चिरका एक आवाज.

“कोकरू!” कुणीतरी म्हणालं, आणि सगळी पोरं टाळ्या पिटत हसली. “वर मेंढपाळ आहेत! मीरिमला मेंढपाळांनी ओ दिली!”

आपाच्या मेंढ्या खाली होत्या, बसच्या पलीकडे. वर त्या दिवसांत कुणीच नसतं. खिंडीत बर्फ असतं. बुरुल जागच्या जागी उभी राहिली. मीरिम मात्र दगडावरून उतरली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की बुरुलने तो गेल्या तीन वर्षांत तसा पाहिलेलाच नव्हता.

जेवायला सगळे नमद्यावर गोल बसले. बोरसोकची रास मधोमध, गरमागरम, सोनेरी. बेक्तुरने एक तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला.

“एजेय, याला वासच नाही.”

“नखरे करू नकोस.”

“नाही एजेय, खरंच. कागद खाल्ल्यासारखं लागतंय.”

बुरुलने एक उचलून नाकाशी धरला. बोटाला चटका बसला, तेल लागलं, पण वास म्हणून काही नव्हता. तिने कढईकडे तोंड नेलं. उकळतं तेल आणि वास नाही. आपाचा कुत्रा बसखाली पोटावर सरपटत गेला होता आणि बाहेर यायला तयार नव्हता.

आपाने चहाचे पियाले भरले. एकोणीस मुलं आणि तीन मोठी माणसं. तिने मोजून बावीस मांडले, पाहिलं, आणि आणखी सात मांडायला घेतले. सहावा मांडल्यावर हात आखडला.

“सातव्याला चहा चालायचा नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने बुरुलकडे पाहिलं. “कुणाला बोलावलंत गं?”

मीरिम नमद्याच्या टोकाला बसली होती, दोन्ही बाजूंना जागा सोडून. जाकीट काढून तिने गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. डोंगरातला वारा, अंगात नुसता सदरा. बेक्तुर तिच्याशेजारी टेकायला गेला.

“पाय काढ,” ती म्हणाली. “आजोबा बसलेत.”

एरवी बेक्तुरने यावर महिनाभर पुरेल एवढा तमाशा केला असता. त्याने गुडघा मागे घेतला, तळहाताने चोळला आणि उठून निमूटपणे ताबिल्डीजवळ जाऊन बसला.

बुरुल मीरिमपाशी वाकली. “काय गं, जाकीट घाल.”

“नको. एजेय, त्यांनी विचारलं, तू आमची का? मी हो म्हटलं.” ती हसली. “ते फार बोलत नाहीत. त्यांना थंडी वाजतेय ना.”

बुरुल उठली ती तडक आपाकडे गेली. पाट्यांवरची नावं, पोरीचं ते हो, सगळं एका दमात सांगून, तिला बसमध्ये बसवते आणि निघते, आत्ताच, असं ती म्हणू लागली. आपा मान हलवत होती.

“तिने हो म्हटलंय? मग ती त्यांची झाली. बस घेऊन कुठे जाशील?”

“मग काय करू?”

“बोलावलेल्या पाहुण्याला हाकलता येत नाही. ओरडू नकोस त्यांच्यावर. ते वाईट नाहीत, उपाशी आहेत. ती कुणाची आहे ते त्यांना सांग. पण खरं सांग, पोरी. खोटं सांगूनच हे झालंय.”

“ती कुणाचीच नाही हो, आपा!”

“मग तेही खरंच आहे,” आपा म्हणाली, आणि बुरुलच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. “गेली ती.”

नमद्याच्या टोकाला सहा पियाले होते. चहा काठोकाठ, आणि त्यावर बर्फाची पातळ पापडी धरलेली. मीरिम नव्हती.

बुरुल धावली. ताबिल्डी मागून यायला निघाला तेव्हा तिने ओरडून सांगितलं, “तू पोरांना सांभाळ! दार लाव आणि मोज!” पाऊलवाट ओढ्याकाठाने वर जात होती. ऊन लख्ख होतं. मातीत एकाच माणसाच्या पावलांचे ठसे होते, लहान, ओळखीच्या फाटक्या बुटांचे. पण दोन्ही बाजूंनी पाच-सहा जण चालत असावेत तसे ते ठसे मधोमध, एका रेषेत, कुठेही न रेंगाळता चालले होते.

तिसऱ्या वळणावर सावलीत हिवाळ्यातलं बर्फ अजून पडून होतं. ओढ्यावर त्याचा पूल झाला होता, वरून पांढरा आणि घट्ट, खालून ओढ्याने पोखरलेला. मे महिन्यात त्यावर मेंढी पाय ठेवत नाही. मीरिम त्याच्या काठाशी पोचली होती. जाकिटाचं गाठोडं तिने छातीशी धरलं होतं, मान सांभाळून धरतात तसं, आणि चालता चालता ती त्याला थोपटत होती.

“मीरिम!”

तिने वळून पाहिलं नाही. बुरुलने दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा पोर थांबली. तिचे ओठ निळे पडले होते.

“एजेय, तुम्ही जा. मला माझ्या घरचे भेटलेत.”

हे शब्द बुरुलला लागले. रागवायचं, दरडावायचं, सगळं तिच्या तोंडातून पळालं.

“कुठे नेतायत तुला?” तिने विचारलं, शक्य तितक्या साध्या आवाजात.

“खिंडीपलीकडे. तेवढंच राहिलं होतं म्हणतात.”

“आणि हातात काय आहे?”

“हा सातवा.” मीरिमने गाठोड्याची कड थोडी दूर केली. आत जाकिटाचं अस्तर होतं, बाकी काही नव्हतं. अस्तरावर हिमाचे बारीक कण चमकत होते. “हा वाटेतच झाला, एजेय. नाव ठेवायलाही कुणाला सवड झाली नाही. म्हणून तर याने उशिरा ओ दिली. आपल्याला हाक मारलीय हे याला कळेना. याला आधी कुणी हाकच मारली नव्हती.”

सगळ्यात जुना बाप, सातवा, आणि तो तान्हा. बुरुलला रडू आलं, आणि भीती त्याहून मोठी होती. पोरीच्या मागे सावलीत तिला काही दिसत नव्हतं, पण तिथली थंडी उभी होती, माणसाच्या उंचीची, सहा ठिकाणी.

खरं सांग, आपा म्हणाली होती. काय खरं होतं? बुरुलने एका क्षणात मनानेच घरभर पाहून घेतलं. बापाची खोली, त्याची रिकामी खाट, सकाळचा एक पियाला. शेजारीण काय म्हणेल, मीरिमची आई काय म्हणेल, गाव काय म्हणेल. आणि हे आज बोललं तर उद्या मागे घेता येणार नाही. तिने स्वतःला विचारलं, पदरात घेतेस का? आणि आतून हो आलं, इतकं चटकन, की ते बऱ्याच दिवसांपासून तिथेच असावं.

ती पोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि घळीकडे तोंड करून वर्गातल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली,

“मीरिम, बुरुलची! बुरुल, सादिरची!”

आमच्या सात बापांत बाई कधी येत नाही. आजवर कुणी घेतली नाही. घळही क्षणभर गप्प राहिली.

मग पडसाद आला. दिरची... दिरची. आणि त्याच्या शेपटीला एक खोकला, कोरडा, तंबाखूचा. तो खोकला बुरुलने बारा हिवाळे भिंतीपलीकडून ऐकला होता. फेब्रुवारीपासून ऐकला नव्हता.

“सादिर, जुमाशचा!” तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. “जुमाश, बाइसालचा! बाइसाल, कुदायारचा!” सातही नावं तिने घेतली आणि सातही घळीने दोनदोनदा परत केली.

मीरिम तिच्याकडे बघत होती. “खरंच? का मला नुसतं खाली न्यायचंय म्हणून?”

“खरंच. आज घरी चल. बाबांची खाट आहे. तुझी आई आली की तीही तिथेच येऊ दे.”

पोरीने गाठोडं आणखी जवळ घेतलं. मग तिने सावलीकडे पाहिलं, कुणाचं तरी ऐकल्यासारखं. “त्या आजी म्हणतात, मग जा.” आणि एकदम घाबरून, “पण याला कुणाकडे देऊ, एजेय? याला परत त्या थंडीत...”

“आण इकडे.”

बुरुलने गाठोडं घेतलं. रिकाम्या जाकिटाला तान्ह्या पोराइतकं वजन होतं, आणि गारठा कोपरापर्यंत चढला. असं वजन तिच्या हातांवर कधी पडलं नव्हतं. बाळाचं नाव ठेवताना आमच्याकडे वडीलधारं माणूस ते कानात तीनदा सांगतं. तिने जाकिटाच्या कॉलरशी तोंड नेलं.

“तुझं नाव एसेन,” ती म्हणाली. “तुझं नाव एसेन. तुझं नाव एसेन.”

हातातलं वजन गेलं. हळूहळू नाही, कुणी उचलून घ्यावं तसं. त्याच क्षणी घळभर तळणीचा वास सुटला, गरम, खमंग, इतका की पोटात भूक उसळली. वास परत मिळाला होता. वरच्या बाजूने थंडी सरकत गेली, एकामागून एक. आणि समोरचा बर्फाचा पूल, ज्यावर पोर पाय ठेवणार होती, मधोमध धाडकन खचला आणि ओढ्याने तो ढेकळं ढेकळं करून नेला.

खाली ताबिल्डीने पोरं चार वेळा मोजली होती. मीरिमला पाहून त्याने आपला कोट काढून तिच्या अंगावर टाकला. आपाने अर्चाच्या झुडपाच्या सुवासिक फांद्या पेटवून बसभोवती तीन फेऱ्या धूर फिरवला. परतीच्या वाटेवर जोलचूच्या पुलापाशी, मामिरच्या ढाब्यापाशी, सुवानबायच्या थांब्यापाशी, प्रत्येक पाटीजवळ ताबिल्डीने गाडी हळू केली. बेक्तुरने वाटेत मीरिमला आपल्या डब्यातली सुके जर्दाळू दिले, तेही न मागता.

सोमवारी बुरुलने हजेरीपट उघडला. मीरिमच्या नावापुढचा कोरा रकाना तिने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या नावाने भरला होता. रकाना बापाचा आहे हे तिला माहीत होतं. साहेब कधीकाळी आलेच तर बघून घेतील.

तिने एकोणीस नावं घेतली, एकोणीस ओ आल्या. ती पट मिटणार, तोच खिडकीच्या बाजूने आवाज आला. बारीक, चिरका.

“कोकरू आहे, एजेय,” बेक्तुर घाईने म्हणाला. तो खिडकीकडे बघत नव्हता, बाकाकडे बघत होता. रविवारीच गावातल्या सगळ्या मेंढ्या वरच्या कुरणांत गेल्या होत्या. ते त्यालाही माहीत होतं, त्याच्याच बापाने नेल्या होत्या.

मीरिम बाकावर थोडी आत सरकली. शेजारी तिने घडी केलेलं जाकीट ठेवलं होतं, त्याची कड तिने नीट केली, आणि बुरुलकडे पाहिलं. वर्गात कुणी हसलं नाही.

बुरुलने पेन उचललं. एकोणिसाव्या नावाखाली एक नाव लिहिलं, ते मोठ्याने वाचलं, आणि ओ येईपर्यंत थांबली. मग त्यापुढे हजर अशी खूण केली.